शाळा दहापैकी नऊ, शेजार किती?

अमेरिकेत घर घ्यायला निघालेलं मराठी जोडपं रिअल्टरला, म्हणजे घरांच्या एजंटला, दोन प्रश्न हमखास विचारतं. पहिला, शाळेचं रेटिंग किती? दुसरा जरा आवाज उतरवून, "इथे इंडियन फॅमिलीज आहेत ना?" पहिल्या प्रश्नाला रिअल्टरबाई फोन काढून आकडा दाखवतात. दुसऱ्याला नुसतं हसतात आणि सांगतात, जनगणनेचे आकडे ऑनलाइन आहेत, तुम्हीच बघा. नवख्याला वाटतं, बाई फारच तुटक आहेत. त्यांचं तसं वागण्याला कारण आहे. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवणं आणि दुसरीपासून लांब ठेवणं बेकायदा आहे. "हो हो, तुमच्यासारखे खूप आहेत इथे" हे आपुलकीचं वाक्यसुद्धा त्यात अडकू शकतं.

तिसरा एक प्रश्न आहे, तो मात्र कोणी विचारत नाही. या गावात कृष्णवर्णीय कुटुंबं किती, ती गावाच्या कुठल्या भागात राहतात, आणि किती वर्षं टिकून आहेत? विचारलाच तर उलट्या हेतूने आणि आडवळणाने, "तिकडचा एरिया सेफ आहे ना?" असा.

आणि तरी घर घेतल्यावर, मुलं बालवाडीत जायला लागली की आपल्याला हवं असतं ते सगळ्या रंगांच्या मुलांचं गाव. मुलीच्या वर्गात ती एकटीच सावळी नसावी, डब्यातल्या भेंडीच्या भाजीला कोणी नाक मुरडू नये, नाव उच्चारताना बाईंनी अवघडून थांबू नये. हे मागणं रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की असं गाव आयतं सापडत नाही. अमेरिकेत जिथे जिथे ते आहे तिथे ते माणसांनी भांडून, नियम करून, पदरचे पैसे घालून घडवलेलं आहे, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा घडवावं लागतं. आपली घर शोधण्याची जी रीत पडून गेली आहे ती नेमकी हे घडवलेलं मोडणारी आहे.

उपनगरं गोरी झाली ती काही गोऱ्यांना हिरवळ जास्त आवडते म्हणून नाही. १९३०च्या दशकात सरकारी संस्थांनी शहरांचे नकाशे काढले, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, आणि तिथे गृहकर्ज धोक्याचं ठरवलं. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने कर्जांना हमी दिली ती प्रामुख्याने गोऱ्यांच्या नव्या उपनगरांना. घराच्या खरेदीखतातच कलम असायचं की हे घर गोऱ्याशिवाय कोणाला विकता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं न्यायालयांतून अमलात आणायला मनाई केली, पण तोवर वळण पडून गेलं होतं. ऑगस्ट १९५७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर रोज रात्री जमाव जमायचा. खिडकीतून दगड आले. मायर्स दांपत्य सुशिक्षित होतं, लहान मुलं होती, आणि त्यांना हवं होतं ते चांगल्या शाळेचं, मोठं अंगण असलेलं घर. आपल्याला हवं असतं तेच.

आपणही त्या कुंपणाच्या बाहेरच होतो. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. आज मराठी माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला चार बेडरूमचं घर घेतो तो आशियाई लोकांना दार उघडणाऱ्या १९६५च्या इमिग्रेशन कायद्याच्या आणि १९६८च्या गृहकायद्याच्या आधारावर. हे दोन्ही कायदे नागरी हक्क चळवळीच्या काळात झाले. दुसरा तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर बरोबर सात दिवसांनी सहीला गेला. ज्यांनी तो मिळवला त्यांच्या नातवंडांना आपण शेजारी म्हणून टाळत असू, तर निदान तसं उघड म्हणावं.

आता ओक पार्कबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मी शिकागोच्या पश्चिमेकडे राहते आणि या गावाची गोष्ट इकडे सगळ्यांना अर्धवट माहीत असते. शिकागो शहराची हद्द जिथे संपते तिथे हे गाव सुरू होतं. मध्ये ऑस्टिन बुलेव्हार्ड नावाचा एक रस्ता. पलीकडे शहराचा ऑस्टिन भाग, अलीकडे ओक पार्क. फ्रँक लॉइड राइटने बांधलेली घरं बघायला पर्यटक येतात ते हेच गाव.

१९५० साली इथे पर्सी ज्युलियन नावाच्या माणसाने घर घेतलं. ज्युलियन हा त्या काळचा देशातला नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. गुलामांचा नातू, व्हिएन्नाची डॉक्टरेट, सोयाबीनपासून हार्मोन बनवण्याच्या पद्धती शोधून काढणारा. शेजार सुधारावा असा माणूस. तो राहायला यायच्या आधीच, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, त्याचं घर पेटवायचा प्रयत्न झाला. पुढच्या जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकलं, तेव्हा मुलं आत होती. म्हणजे पदवी, पगार, सभ्यपणा यांनी गाव आपलंसं करतं हा आपला जो भाबडा समज आहे, त्याचा निकाल ओक पार्कने १९५१ सालीच लावला होता. आज गावातली एक माध्यमिक शाळा ज्युलियनच्या नावाने आहे. या दोन गोष्टींच्या मधल्या काळात काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

रस्त्यापलीकडचा ऑस्टिन भाग १९६०मध्ये जवळजवळ पूर्ण गोरा होता. १९८०मध्ये तिथले तीन-चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. हे आपोआप झालं नाही. एखाद्या गल्लीत पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब आलं की दलाल गोऱ्यांच्या दारावर थाप मारायचे, आता भाव कोसळणार, आजच विका. घाबरलेल्याकडून स्वस्तात घ्यायचं आणि घरासाठी आसुसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला महागात विकायचं. शेवटी गोरा माणूस नुकसान सोसून गेला, कृष्णवर्णीय माणूस कर्जात बुडाला, आणि दलालाचा बंगला झाला. ही लाट आता ऑस्टिन बुलेव्हार्ड ओलांडणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

ओक पार्कने मे १९६८मध्ये स्वतःचा फेअर हाउसिंग नियम केला. १९७२ साली रॉबर्टा रेमंड या गावातच वाढलेल्या बाईंनी हाउसिंग सेंटर काढलं. तिथलं काम दिसायला अगदी साधं. भाड्याने जागा शोधणारा माणूस यायचा, त्याच्याशी तासभर गप्पा व्हायच्या. गोरा असेल तर त्याला ऑस्टिनलगतच्या पूर्व भागातल्या इमारती आग्रहाने दाखवायच्या, ज्या त्याने एरवी बघितल्याच नसत्या. कृष्णवर्णीय असेल तर गावाच्या पश्चिम भागातल्या, ज्या त्याला एरवी कोणी दाखवल्याच नसत्या. 'फॉर सेल' पाट्यांवर बंदी आणली, कारण एका गल्लीत तीन पाट्या दिसल्या की चौथी आपोआप लागते. न्यू जर्सीतल्या विलिंगबोरो गावाची अशीच बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली, तरी ओक पार्कमधल्या दलालांनी आपापसातल्या समजुतीने ती पाळली. घराची किंमत पडली तर भरपाई देऊ, अशी विम्यासारखी योजना गावाने आणली. ती भरपाई द्यायची वेळ आली नाही. योजना आहे एवढ्यानेच माणसं शांत झाली. आणि नवं व्हिलेज हॉल, म्हणजे गावाची कचेरी, बांधायचं ठरलं तेव्हा ते मुद्दाम पूर्व भागात बांधलं. आम्ही इथून हलत नाही, हे सांगायची ती एक तऱ्हा होती.

लाट आली नाही. कृष्णवर्णीय कुटुंबं आली, राहिली, गोरेही राहिले. गेली कित्येक वर्षं गावात साधारण पाचातला एक माणूस कृष्णवर्णीय आहे.

ओहायोत क्लीव्हलँडजवळच्या शेकर हाइट्सचीही गोष्ट याच वळणाची. तिथल्या लडलो भागात १९५६ साली एका कृष्णवर्णीय वकिलाच्या घराच्या गॅरेजमध्ये स्फोट झाला. पुढच्याच वर्षी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी मिळून संघटना काढली, एकमेकांच्या घरी जायला लागले, आणि पुढे तर गोऱ्या कुटुंबांना इथेच घर घेता यावं म्हणून जोडकर्जाचे पैसे उभे केले.

या कौतुकाला एक काळी बाजू आहे. नीट बघितलं तर ओक पार्कचं सगळं गणित गोऱ्या माणसाची भीती सांभाळण्याचं होतं. कृष्णवर्णीय माणसाला 'सगळ्या गावात बघ' म्हणणं हे औदार्य होतं, की एका जागी फार गर्दी करू नकोस असं गोड शब्दांत सांगणं? ही टीका तिथल्या कृष्णवर्णीयांनीच केलेली आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. शिवाय ओक पार्कचा प्रॉपर्टी टॅक्स आता इतका आहे की मध्यम पगाराच्या कुटुंबाचा, कुठल्याही रंगाच्या, श्वास कोंडतो. माझं उत्तर एवढंच, की कमीपणा असलेला हा प्रयत्न एका बाजूला आणि काहीच न करणं दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर काहीच न करण्याचा परिणाम रस्त्यापलीकडे बघायला मिळतो. ऑस्टिनला जे झालं त्यात कृष्णवर्णीयांचं भलं झालं नाही. त्यांच्या वाट्याला आली ती दुकानं, बँका आणि नोकऱ्या निघून गेलेली वस्ती.

आता आपल्याकडे वळते. आपण 'डायव्हर्स टाउन' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असतो, गोरे आणि आपण. विविधता मोजायचा रूढ आकडा असा असतो की गावातली कोणतीही दोन माणसं उचलली तर ती वेगळ्या वंशाची असण्याची शक्यता किती. अर्धे गोरे आणि अर्धे आशियाई असलेलं गाव या मापाने चांगलंच विविध ठरतं, तिथे एकही कृष्णवर्णीय नसला तरी. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोत लोकसंख्येच्या साधारण दोन-तृतीयांश आशियाई आहेत आणि कृष्णवर्णीय एक टक्काही नाहीत. तिथे वाढणाऱ्या मराठी मुलाला दिवाळीची सुट्टी समजावून सांगावी लागत नाही, हे खरं. पण देशाच्या इतिहासात ज्यांची गोष्ट मध्यभागी आहे ती माणसं त्याला टीव्हीवर आणि दुकानाच्या काउंटरपलीकडेच भेटणार.

आपली माणसं पुष्कळ असणं आणि गावाने आपल्याला आपलं मानणं, यातही फरक आहे. एडिसनला निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे, ओक ट्री रोडवर वडापावपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. तिथेच २०१७च्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत घरोघरी निनावी पत्रकं आली. एक चिनी आणि एक भारतीय वंशाचा असे दोन उमेदवार, त्यांचे फोटो, त्यावर 'डिपोर्ट' असा शिक्का, आणि मजकूर असा की चिनी आणि भारतीय आपलं गाव बळकावताहेत. क्रिकेटच्या मैदानांचाही त्यात राग होता. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणाऱ्या 'डॉटबस्टर्स' टोळीची आठवण असलेली पिढी अजून हयात आहे. म्हणजे संख्या वाढवून सुरक्षितता मिळते हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. संख्या वाढली की शेजार मिळतो, पण कोणाच्या तरी भीतीचं कारणही आपणच होतो, जसे ऑस्टिनमधले कृष्णवर्णीय झाले होते.

तरी आपल्या माणसांजवळ राहायच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. तिचं सगळ्यात खरं कारण मुलं नसून आई-बाबा आहेत. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले सासू-सासरे सकाळी साडेसहाला स्वेटर-कानटोपी घालून निघतात, आणि कोपऱ्यावर त्यांना तसाच कानटोपीवाला एखादा तेलुगू आजोबा भेटतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मोडक्या हिंदीत गुडघे, बीपीच्या गोळ्या आणि जावयाचा पगार यावर तळ्याभोवती तीन फेऱ्या होतात. हा माणूस त्यांना भेटला नाही तर दुसऱ्या महिन्यात तिकीट बदलायची भाषा सुरू होते. ज्या गावात फूटपाथ नाही, बस नाही आणि ओळखीचा चेहरा नाही, त्या गावात सत्तरीच्या माणसाला ठेवणं क्रूरपणा आहे. ही गरज मान्य करूनही म्हणते, ती भागायला दहा-वीस घरं पुरतात. गाव निम्मं आपलं असावं लागत नाही.

आणि आपल्या गराड्यात तरी सगळ्यांचं स्वागत असतं का? गणपतीच्या कार्यक्रमात नव्याने आलेल्या कुटुंबाला "मूळचे कुठले?" विचारतात. "नागपूर" म्हटलं की पुढचा प्रश्न असतो, "नाही, आडनाव काय म्हणालात?" आडनाव ऐकल्यावर काही चेहऱ्यांवर क्षणभर जे उमटतं ते आंबेडकरी कुटुंबाला अटलांटिक ओलांडूनही नीट ओळखता येतं. सिएटलने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते फेटाळलं. त्या काळात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जे वाचलं त्यातलं बरंचसं इथे लिहिण्याजोगं नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कहून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. ते वाचलेल्याच माणसाच्या तोंडून दिवाणखान्यात कृष्णवर्णीयांसाठी 'कल्लू' हा शब्द येतो. शेजारच्या खोलीत मुलं असतात. त्यांना मराठी येत नाही अशी आपली समजूत असते.

मुंबईत 'नॉनव्हेज खाता' म्हणून मराठी माणसाला फ्लॅट नाकारला की आपला संताप होतो, आणि व्हायलाच हवा. मुसलमानाला नाकारला तर बातमीसुद्धा होत नाही. भारतात सोसायटीने सभासद निवडताना धर्म बघितला तर काय? २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मोकळीक दिली होती. अमेरिकेत असं कलम लिहिलं तर कोर्टात टिकणार नाही. आपण नाकारलं जाण्याची आणि नाकारण्याची अशा दोन्ही सवयी सामानात घेऊन येतो. इथला कायदा आपल्याला पहिलीपासून बराच वाचवतो. दुसरीचं काय करायचं ते आपल्यावर आहे.

दुसरी सवय आपण आता एका आकड्याच्या आड लपवतो. घरांच्या साइटवर फोटोंखाली शाळेचा दहापैकी अंक असतो. हा अंक मुख्यतः चाचणीच्या गुणांवरून येतो, आणि चाचणीचे गुण कुटुंबाच्या उत्पन्नाबरोबर चढतात-उतरतात. अलीकडे मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीलाही त्यात वजन दिलं जातं, तरी फिल्टर लावताना आपण 'आठच्या वर' एवढंच टिचकतो. बाकीची गावं स्क्रीनवरून नाहीशी होतात. नाहीशी झालेल्यांत कोण राहतं हे आपण विचारलेलं नसतं, त्यामुळे मनाला टोचणी नसते. नकाशावर लाल रंग कोणी भरावा लागत नाही. आपल्यासारखी हजारो कुटुंबं हा फिल्टर लावतात, आठच्या गावात घरांचे भाव वाढतात, पाचच्या गावातून ज्याला जमतं तो निघतो, आणि पुढच्या वर्षी आठचा नऊ होतो.

याची सगळ्यात बोचरी कथा मेरिलँडमधल्या हॉवर्ड काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, आहे. तिथे जेम्स राउझ नावाच्या विकासकाने १९६७ साली कोलंबिया हे गाव वसवलं, सगळ्या वंशांची आणि निरनिराळ्या उत्पन्नाची माणसं शेजारी राहावीत या उद्देशाने. मेरिलँडने आंतरवंशीय लग्नांवरची बंदी उठवली तीही त्याच वर्षी. त्यामुळे अशा जोडप्यांना कोलंबिया म्हणजे आसरा वाटला. राउझच्या माणसांनी बारीक विचार केला होता. प्रत्येक घरापुढे टपालपेटी न ठेवता गल्लीच्या टोकाला सगळ्यांच्या पेट्या एकत्र बसवल्या, पत्र घ्यायला आलेल्यांनी चार शब्द बोलावेत म्हणून. वेगवेगळ्या पंथांना एकाच इमारतीत प्रार्थना करता यावी अशी केंद्रं बांधली. वॉशिंग्टन-बाल्टिमोर भागातल्या कितीतरी मराठी आणि इतर भारतीय कुटुंबांनी पुढे ही काउंटी निवडली, आणि निवडली ती 'डायव्हर्सिटी आणि उत्तम शाळा' या दोन्हींसाठी.

२०१९ साली तिथल्या शाळा सुपरिंटेंडंटने शाळांच्या हद्दी, म्हणजे कुठल्या वस्तीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार ते, बदलायचा प्रस्ताव आणला. काही शाळा ओसंडून वाहत होत्या, गरीब मुलं काही थोड्या शाळांत गोळा झाली होती, ते दोन्ही सावरायचं होतं. गावात वणवा पेटला. सभा, मोर्चे, फलक, स्कूल बोर्डाकडे पत्रांचा ढीग. त्यातल्या काही पत्रांत उघड वंशद्वेष होता. विरोध करणाऱ्यांत गोरे होते, कृष्णवर्णीयही होते, आणि आशियाई पालक मोठ्या संख्येने होते. नोव्हेंबरमध्ये बोर्डाने प्रस्ताव कापून मंजूर केला, तरी पाच हजारांहून जास्त मुलांच्या शाळा बदलल्या.

विरोधकांची बाजू पोकळ नव्हती. कर्ज काढून, एका पगारात आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून घर घेतलं ते त्या एका शाळेसाठी, आता मुलाने अर्धा तास बसने दुसरीकडे का जावं, हा प्रश्न मलाही पडला असता. पण त्यातलं गृहीतक बघा. घराबरोबर शाळाही विकत घेतली, असं ते आहे. सार्वजनिक शाळा कोणाच्या खरेदीखतात नसते. आणि जिथे मुलाला पाठवायचं होतं ती शाळा काही खड्ड्यात नव्हती, त्याच नावाजलेल्या काउंटीतली, त्याच पगाराचे शिक्षक असलेली शाळा होती. फरक होता तो तिथे फुकट जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब, मुलांच्या टक्केवारीचा.

"पोरांवर प्रयोग कशाला?" हे मी महाराष्ट्र मंडळातल्या शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकलं आहे. सगळे नऊ-दहा रेटिंगचे, सगळे कुमॉनच्या शिकवणीला जाणारे, सगळ्यांचे बाप आयटीत, अशा शाळेत मुलाला बारा वर्षं ठेवणं हाही प्रयोगच आहे, आणि त्याचे परिणाम हायस्कूलच्या काउन्सेलरना विचारले तर ते सांगतील. तरी 'मिश्र शाळेत घाला' एवढं सांगून मी मोकळी होणार नाही, कारण तिथेही फसगत होते. न्यू जर्सीत साउथ ऑरेंज आणि मेपलवूड या जुळ्या गावांनी १९९०च्या दशकापासून गोरे-कृष्णवर्णीय मिश्रण टिकवायला संघटित प्रयत्न केले. गावं खरोखर मिश्र राहिली, पण शाळेत वरच्या पातळीचे वर्ग गोरे आणि खालच्या पातळीचे कृष्णवर्णीय अशी विभागणी होत राहिली, ती इतकी की २०१४ साली प्रकरण नागरी हक्कांच्या तक्रारीपर्यंत गेलं. अशा शाळेत आपली मुलं कुठे बसतात हे वेगळं सांगायला नको. दारातून सगळे एकत्र आत जातात आणि एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीच्या, कॅल्क्युलसच्या वर्गात पोहोचेपर्यंत गाळणी लागलेली असते.

म्हणून गाव बघायला जाल तेव्हा ओपन हाऊसमधला ग्रॅनाइटचा ओटा पाच मिनिटं बघा आणि उरलेला वेळ दुसरीकडे घालवा. दुपारी तीनला शाळा सुटताना गेटवर उभं राहा, मुलं घोळक्याने बाहेर येतात ते घोळके कसे आहेत ते दिसेल. जुलैमध्ये पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जा. वाचनालयात गोष्टीच्या तासाला बसा. शाळेला विचारा की एपीच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं किती, आणि शिक्षा होणाऱ्यांत किती. हे आकडे मागायला कोणाची बंदी नाही. उत्तर द्यायला मुख्याध्यापक अडखळले तर हरकत नाही. प्रश्नच त्यांना नवा वाटला, तर मात्र जरा विचार करा.

आणि स्कूल बोर्डाच्या, प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकींची रेकॉर्डिंग्ज लावून बघा. बहुतेक गावं ती ऑनलाइन ठेवतात. हद्दबदल किंवा अपार्टमेंटचा विषय निघाला त्या दिवशीची शोधा. गाव कसं आहे ते तिथे कळतं, 'येथे सर्वांचे स्वागत' असे अंगणातले फलक मोजून नाही. तोच फलक अंगणात ठेवून तीच माणसं सभेत येऊन "आमच्या गावाचा स्वभाव बदलेल" म्हणतात.

अपार्टमेंटचा विषय मुद्दाम काढला, कारण न्यू जर्सीत तो आत्ता जिवंत आहे, आणि मराठी माणसं तिथे भरपूर आहेत. माउंट लॉरेल या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वस्त घरं बांधायची होती, गावाने परवानगी नाकारली, आणि १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जमीन-वापराचे नियम करून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलला पाहिजे. गावांनी त्यावर पन्नास वर्षं वकील पोसले. २०२४मध्ये नवा कायदा झाला आणि २०२५ ते २०३५ या दशकाचे वाटे ठरले. तुमच्या गावाचा आराखडा पालिकेच्या साइटवर असतो, कुठल्या प्लॉटवर किती घरं ते त्यात लिहिलेलं असतं. सुनावणीची तारीख जाहीर झाली की देसी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याचिकेची लिंक फिरते, शाळा ओव्हरक्राउड होईल, ट्रॅफिक वाढेल, सही करा. या सुनावणीत बोलायला मत देण्याचा हक्क लागत नाही, नागरिकत्व लागत नाही. एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेला माणूससुद्धा नाव-पत्ता सांगून माइकपुढे उभा राहू शकतो आणि म्हणू शकतो की बांधा, आमची हरकत नाही. नव्या इमारतीत येणारी मुलं त्याच्या मुलांच्याच वर्गात बसणार असतात.